नदीबरोबर जाणारा जमिनीचा कस

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की ओढ्यानाल्यांना गढूळ पाणी येते. नदीला नवे पाणी आले, असे आपण आनंदाने म्हणतो. पण त्या पाण्याला रंग कशाचा? पुष्कळसा आपल्याच शेतातल्या मातीचा! आणि मातीबरोबर तिचा कसही जात असतो.

हा कस म्हणजे मुख्यतः सेंद्रिय कर्ब. पालापाचोळा, धसकटे, मुळ्या, शेण कुजून जमिनीत जो काळसर अंश उरतो, त्यात तो असतो. माती परीक्षणाच्या पत्रिकेत त्याचा आकडा दिलेला असतो. तो शेकडा ०.५० च्या खाली असला, तर जमीन या बाबतीत गरीब समजावी, ०.७५ च्या वर असला, तर चांगली.

नदीत हा कर्ब दोन रूपांनी वाहतो. काही भाग पाण्यात विरघळलेला असतो, तर काही मातीच्या बारीक कणांना चिकटून जातो. जगातल्या सर्व नद्या मिळून दरवर्षी सुमारे ४० कोटी टन सेंद्रिय कर्ब समुद्रात नेतात. तो सगळाच शेतातला नसतो. रानातला पाला, शहरांचे सांडपाणी आणि पाण्यात वाढणारे शेवाळ यांचाही त्यात वाटा असतो.

आपल्या ओळखीची गोदावरीच घ्या. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून, दख्खनच्या काळ्या जमिनीचे पाणी गोळा करीत, सुमारे १४६५ किलोमीटर वाहत ती बंगालच्या उपसागराला मिळते. तिचा बहुतेक गाळ पावसाळ्याच्या थोड्या महिन्यांतच वाहतो. त्यातला काही धरणांत बसतो. कर्बाचा काही भाग पाण्यातले जीवाणू खातात व तो वायुरूपाने हवेत जातो. उरलेला समुद्राच्या तळाशी गाडला जातो.

तळाच्या त्या गाळात हजारो वर्षांचा हिशेब थरांनी लिहिलेला आहे. शास्त्रज्ञांनी तो तपासून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. गेल्या काही हजार वर्षांत पाऊसमान घटले, तेव्हा गोदावरीच्या खोऱ्यातली धूप कमी न होता उलट वाढली. कारण झाडझाडोरा विरळ झाला आणि जमीन उघडी पडली. पुढे दख्खनवर शेती पसरली, तशी धूप आणखी वाढली. वाहून जाणारा कर्बही अधिक जुना निघाला. म्हणजे जमिनीने दीर्घकाळ साठवलेली पुंजीच खर्ची पडत होती.

आता आपल्या शेताचा हिशेब करू. एका एकरातून फक्त १ मिलिमीटर जाडीचा थर धुपला, तर सुमारे ५ टन माती जाते. तीत शेकडा अर्धा कर्ब धरला, तरी २५ किलो कर्ब, म्हणजे चाळीसएक किलो कुजलेला सेंद्रिय अंश गेला. प्रत्यक्षात पाणी हलके व बारीक कण आधी उचलते, म्हणून नुकसान याहून अधिकच होते.

यावर उपाय आपल्या हातचे आहेत. नांगरणी, पेरणी उताराला आडवी करावी. फुटलेले बांध पावसाआधी दुरुस्त करून त्यांवर गवत राखावे. उसाचे पाचट जाळू नये. ते सरीत पसरावे. ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडावा. तळ्यात साचलेला चांगला गाळ उन्हाळ्यात परत शेतात आणावा.

आरोग्याची एक गोष्टही ध्यानात ठेवावी. गढूळ पाण्यातील सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते व जंतू मारायला तो पुरेसा उरत नाही. म्हणून पिण्याचे पाणी आधी तुरटीने निवळून, स्वच्छ फडक्याने गाळून घ्यावे आणि मग उकळावे.

पाऊस अडवणे आपल्या हाती नाही. पण धावते पाणी चालते करणे आहे. शेतातून बाहेर पडणारे पाणी जितके नितळ, तितका जमिनीचा कस घरात राहिला असे आम्ही समजतो. येत्या पावसात आपल्या बांधावर उभे राहून ते पाणी एकदा अवश्य पाहावे.