वेरूळच्या गिलाव्यांतील भांग व तिच्या बीजाचा परिपाक

छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) छावणींतून निघालेला रस्ता दौलताबाद, कागजीपुरा व खुलताबाद यांवरून वेरूळास जातो. वेरूळच्या १२ व्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे अवशेष आहेत, हें राजदेव सिंह व मिलिंद सरदेसाई यांनीं २०१६ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत दाखवून दिलें. अजिंठ्याच्या गिलाव्यास किडीनें पोखरलें; वेरूळचा बचावला तो भांगेमुळें, असें त्यांचें अनुमान आहे.

परंतु झाड कोणतें हें कळलें, तरी तें केव्हां व कशासाठीं कापलें होतें, हा प्रश्न उरतोच. त्यासाठीं बीज कसें पिकतें हें पाहिलें पाहिजे.

भांगेचीं नर व मादी झाडें बहुधा निरनिराळीं असतात. पराग झडल्यावर नर झाड वाळूं लागतें. मऊ वाख हवा असल्यास कापणी याच सुमारास होते. मादीवरील बीं पिकण्यास पुढें साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तुऱ्याच्या बुडाकडील बीं आधीं पिकतें, शेंड्याचें मागाहून. म्हणून एकाच झाडावर कोंवळें हिरवें व कठीण, करडें, ठिपकेदार बीं एकत्र आढळतें. भोंवतालचा पर्णकोश सुकून उकलूं लागला आणि बीं चिमटींत दबेनासें झालें, म्हणजे तें पक्व जाणावें. सर्वच पिकण्याची वाट पाहिल्यास पुष्कळसें गळतें व पांखरें खातात. यास्तव बहुतेक बीं पिकतांच कापणी करितात. तोंवर वाख मात्र राठ झालेला असतो.

तात्पर्य, गिलाव्यांत अवशेषांसह पक्व बीं मिळालें, तर झाड उशिरां कापलेलें. नुसते तंतू व कोंवळे शेंडे मिळाले, तर लवकर कापलेलें असण्याचा संभव अधिक. तागाशीं घोंटाळा होऊं नये : तागाचीं अनेक बियां एका शेंगेंत असतात, भांगेच्या एका कोशांत एकच. पोथ्यांच्या कागदास मात्र ही कसोटी लागू नाहीं. लगद्यांत तंतूच तेवढे उरतात.

१९८५ च्या कायद्यान्वयें भांगेची लागवड परवान्यावांचून करतां येत नाहीं. म्हणून तुलनेसाठीं वनस्पतिसंग्रहांतील वाळविलेले नमुनेच पाहावेत. भिंतीवरील गिलावा कोणीं खरवडूं नये. आणि आपोआप गळलेला तुकडा माती म्हणून झाडून न टाकतां अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावा. त्यांतील एखादें बीं कापणीचा हंगाम सांगून जाईल.