क्ष-किरणांची वाट (लेखांक ५) : हाड पांढरं का उमटतं?

मागच्या आठवड्यात आपण क्ष-किरणांना नळीच्या खिडकीतून बाहेर काढून थांबलो होतो. आता ते शरीरात शिरतात. घाटी रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात किंवा औरंगपुऱ्यातल्या एखाद्या खासगी सेंटरवर तंत्रज्ञ 'श्वास घ्या, रोखून धरा' म्हणतो आणि बटण दाबतो. छातीच्या फोटोचं सगळं काम सेकंदाच्या काही शतांश भागात उरकतं. तेवढ्यात प्रत्येक फोटॉनच्या, म्हणजे किरणांतल्या प्रत्येक ऊर्जाकणाच्या, नशिबी तीनच गोष्टी संभवतात. तो आरपार जातो, कुठल्यातरी अणूत संपतो, नाहीतर धडकून वाट बदलतो.

फिल्म हातात घेणारे बहुतेक जण इथेच गडबडतात. पांढरं दिसणारं हाड म्हणजे किरणांनी तिथे काहीतरी उमटवलं, असा समज होतो. खरं तर पांढरा भाग म्हणजे फिल्मचा न बिघडलेला, कोरा भाग. तिथवर किरण जवळजवळ पोचलेच नाहीत. काळं होतं ते फुप्फुसातल्या हवेमागचं. कोपऱ्यातलं 'आर' हे उजव्या बाजूचं अक्षर शिशाचं असतं आणि ते सर्वांत स्वच्छ पांढरं उमटतं, कारण शिशातून पलीकडे जवळपास काहीच जात नाही.

संपणाऱ्या फोटॉनचं आधी पाहू. अणूच्या आतल्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनला तो आपली सगळी ऊर्जा देऊन टाकतो, इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतो आणि फोटॉन उरत नाही. हा प्रकाशविद्युत परिणाम. हे घडण्याची शक्यता साधारणपणे अणुक्रमांकाच्या घनाने वाढते आणि फोटॉनच्या ऊर्जेच्या घनाने घटते. हाडातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, मांसातल्या ऑक्सिजनचा ८. गुणोत्तर अडीच, आणि अडीचचा घन साडेपंधराच्या वर. हाड पांढरं का, याचं निम्मं उत्तर या एका घनात आहे. उरलेलं निम्मं घनतेत, कारण हाड मांसाच्या जवळपास पावणेदोनपट जड.

धडकून वळणाऱ्याचा हिशोब वेगळा. आर्थर कॉम्प्टनने १९२३ साली तो मांडला आणि १९२७ साली त्याला नोबेल मिळालं. इथे फोटॉन सैलसर बांधलेल्या इलेक्ट्रॉनवर आपटतो, थोडी ऊर्जा त्याला देतो आणि उरलेली घेऊन भलतीकडेच निघतो. या टकरीला अणुक्रमांकाचं सोयरसुतक नाही. एका ग्रॅममध्ये इलेक्ट्रॉन किती, एवढंच महत्त्वाचं, आणि हायड्रोजन वगळला तर ती संख्या सगळ्या हलक्या मूलद्रव्यांत जवळजवळ सारखीच. म्हणून या मार्गाने हाड आणि मांस यांच्यात फरक पडतो तो फक्त घनतेपुरता.

आता आकडे पाहा. एक सेंटिमीटर जाडीच्या मांसातून आणि तेवढ्याच जाडीच्या हाडातून १०० फोटॉन सोडले. ऊर्जा ३० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल तर मांसातून ६७ पार होतात, हाडातून जेमतेम ८. ऊर्जा ६० केली की मांसातून ८० आणि हाडातून ५५. थेट १००० वर नेली तर ९३ आणि ८८. फोटोच्या दृष्टीने या शेवटच्या जोडीत काही राम नाही. कर्करोगावरच्या उपचाराच्या मोठ्या ऊर्जेच्या यंत्रावर रुग्णाची जागा तपासायला फोटो काढला, तर तो असाच धुरकट येतो. त्यात यंत्राचा दोष नाही, तिथे कॉम्प्टनचं राज्य असतं.

या वरच्या टोकाची मोजमापं आपल्याच शहरात झाली आहेत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले प्रवीणा पवार आणि गोविंद बिचिले यांनी काही अमिनो आम्लांवरचं काम २०१३ साली 'रेडिएशन फिजिक्स अँड केमिस्ट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. त्यांची ऊर्जा १२२ ते १३३० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे क्ष-किरण खोलीच्या वरची. फोटॉन किरणोत्सारी स्रोतांतून मिळवलेले. अमिनो आम्लंच का? कारण ती मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजनची बनलेली, आणि आपल्या मांसातली प्रथिनं त्यांचीच. अशा प्रयोगाची पद्धत ऐकायला सोपी: शिशाच्या अरुंद छिद्रातून शलाका सोडायची, नमुना मध्ये नसताना आणि असताना पलीकडे किती फोटॉन पोचले ते मोजायचं, दोन्ही संख्यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि त्याला दर चौरस सेंटिमीटरमागच्या वस्तुमानाने भागायचं. ऊर्जा वाढत जाते तसा हा शोषणाचा गुणांक उतरत जातो. छिद्र अरुंदच हवं. ते मोठं ठेवलं तर वाट बदललेले फोटॉनही मोजणीत घुसतात आणि नमुना आहे त्यापेक्षा पारदर्शक भासतो.

रुग्णाच्या बाबतीत नेमकं हेच होतं, फक्त तिथे छिद्र अरुंद करायची सोय नसते. जाड पोटाच्या फोटोत सरळ आलेल्या फोटॉनपेक्षा वाट चुकलेले कितीतरी जास्त असतात आणि ते सगळ्या फिल्मवर सारखाच काळपटपणा पसरवतात. गुस्ताव्ह बकीने १९१३ साली उपाय काढला: रुग्ण आणि फिल्म यांच्यामध्ये शिशाच्या पातळ पट्ट्यांची जाळी. सरळ येणारे पट्ट्यांच्या फटींतून निसटतात, तिरपे येणारे अडतात. त्या पट्ट्यांच्या रेघा फिल्मवर दिसू नयेत म्हणून शिकागोच्या हॉलिस पॉटरने एक्सपोजर चालू असतानाच जाळी सरकवली. क्ष-किरण विभागात आजही टेबलाखालच्या त्या भागाला 'बकी'च म्हणतात.

म्हणून यंत्राच्या फलकावरचा केव्ही (किलोव्होल्ट), ज्यावर फोटॉनची ऊर्जा ठरते, हा नुसता कमीजास्त उजेडाचा खटका नव्हे. बोटाच्या हाडातला केसासारखा तडा बघायचा तर ५०-५५ केव्ही पुरे, कारण तिथे फरक ठळक हवा. छातीसाठी मात्र अनेक ठिकाणी मुद्दाम ११०-१२० केव्ही लावतात. बरगड्या फिक्या पडतात आणि त्यांच्यामागे दडलेला फुप्फुसातला डाग दिसू लागतो. हाडाचा फोटो बिघडवला की फुप्फुसाचा सुधारतो. तंत्रज्ञाचं कसब मला इथे दिसतं, आणि रिपोर्टवर त्याचं नाव कधीच नसतं.

शरीर पार करून आलेल्या किरणांनी फिल्म काळी करायची तर तिथेही अडचण. फिल्मवरचा पातळ थर क्ष-किरणांना फारसा अडवतच नाही. म्हणून कॅसेटमध्ये फिल्मच्या दोन्ही बाजूंना चमकणारे पडदे असतात. क्ष-किरण पडद्यात शोषले जातात, पडदा उजळतो आणि फिल्म त्या उजेडाने काळवंडते. पूर्वी पडदे कॅल्शियम टंगस्टेटचे असत, १९७०च्या दशकापासून गॅडोलिनियमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंच्या संयुगांचे आले. त्यामुळे रुग्णाला लागणारी मात्रा बरीच खाली आली. बदल्यात थोडा नेटकेपणा जातो, कारण पडद्यातला उजेड आजूबाजूला पसरतो.

फिल्मवर जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण असतात. उजेडाने कणातला इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि पृष्ठभागावरच्या एखाद्या दोषाच्या जागी अडकतो. तिथे चांदीचा आयन येऊन चांदीचा अणू बनतो. असे चारेक अणू एका जागी जमले की तो कण 'लागला'. डोळ्यांना अजून काहीच दिसत नाही. डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन त्या चारांच्या आधाराने कणातल्या अब्जावधी आयनांची चांदी करतं, आणि इतकी बारीक विखुरलेली चांदी काळी दिसते.

हाताने धुण्याच्या काळात डेव्हलपर २० अंशांवर ठेवायचा नियम असे. मराठवाड्याच्या मे महिन्यात डार्करूममधल्या टाकीत २० अंश म्हणजे बर्फाचीच मदत, आणि तोही पिशवीत बांधून, कारण थेट टाकला तर द्रावण पातळ होतं. द्रावण तापलं की न लागलेले कणही काळे पडू लागतात आणि हाडाचा पांढरेपणा आधी जातो.

शेवटी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. न लागलेली चांदी ते विरघळवून नेतं. फिल्मवर हाड जितकं पांढरं, तितकी त्या जागची चांदी हायपोच्या टाकीत उतरलेली असते. वापरलेला हायपो चांदी काढण्यासाठी विकत घेणारे याच हिशोबावर धंदा करत आले. नंतर फिल्म वाहत्या पाण्यात नीट धुतली नाही तर उरलेला हायपो काही वर्षांनी तिला पिवळी-तपकिरी करतो. आजोबांच्या जुन्या फोटोवर तसे डाग असतील तर ते डार्करूममधल्या घाईचे, आजोबांच्या फुप्फुसाचे नव्हेत.

पुढच्या आठवड्यात बेरियम आणि आयोडीन: मऊ अवयवांना उसना अणुक्रमांक कसा देतात.