कडेवरचं नाव

अमेरिकन लष्करी पदकं जमवणाऱ्या जाणत्या माणसाच्या हाती पदक दिलं, की तो आधी ते आडवं करतो. चित्र, अक्षरं, फितीचे रंग हे सगळं नंतर. अंगठा पहिल्यांदा फिरतो तो कडेवरून, आणि बहुतेक वेळा तिथे काहीच लागत नाही. नुसतं गुळगुळीत ब्राँझ. हे पदक कुणाला मिळालं, तो कुठल्या पलटणीत होता, घरी परतला की नाही, याबद्दल धातू अवाक्षर काढत नाही. या छंदाचं खरं वेड त्या मुक्या कडेपासून सुरू होतं.

सुरुवात मात्र चांगली बोलकी झाली होती. १ मे १८९८ च्या सकाळी कमोडोर जॉर्ज ड्यूई यांच्या ताफ्याने मनिलाच्या उपसागरात स्पेनचं आरमार निकालात काढलं. महिन्याभराने, ३ जूनला, अमेरिकन काँग्रेसने त्या लढाईतल्या सर्वांसाठी पदक मंजूर केलं. ते घडवलं डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराने. वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकात खुर्चीवर बसलेला तो भव्य लिंकन पुढे याच माणसाने केला. पदकं तयार केली टिफनी या जवाहिऱ्यांच्या पेढीने. एका बाजूला ड्यूईंचा अर्धपुतळा. दुसऱ्या बाजूला तोफेवर बसलेला, उघड्या अंगाचा खलाशी आणि त्याखाली जहाजाचं नाव. आणि कडेवर, ज्याला ते मिळालं त्या माणसाचं नाव. पुतळा कमोडोरचा, पण पदक कोळसा झोकणाऱ्याचं, ही जाणीव त्या कडेने जपली. अशी जेमतेम १८०० च्या आसपास पदकं निघाली. त्यातही जहाज कुठलं यावर भाव ठरतो. ऑलिंपिया हे ड्यूईंचं स्वतःचं जहाज, म्हणून त्याला मान. पेट्रेल ही लहानगी गनबोट, तिच्यावर माणसंच कमी, म्हणून तिचं पदक दुर्मिळ. ऑलिंपिया आजही फिलाडेल्फियात पाण्यावर उभी आहे. पदक हातात घेऊन त्याच्या मालकाने झाडलेल्या डेकवर चालता येण्याची सोय दुसऱ्या कुठल्या पदकाच्या संग्राहकाला फारशी मिळत नसावी.

मग सरकारच्या लक्षात आलं, की जुनी युद्धं तशीच राहून गेली आहेत. यादवी युद्ध संपलं १८६५ मध्ये आणि त्याचं लष्करी पदक निघालं १९०७ मध्ये. ज्यांच्यासाठी ते होतं त्यांतले कित्येक तोवर मातीत गेले होते. त्यावर लिंकनचा चेहरा आहे. तो कोरणारा फ्रान्सिस मिलेट १९१२ मध्ये टायटॅनिकबरोबर बुडाला. १९१३ मध्ये फीत बदलून निळी-करडी केली. निळा रंग उत्तरेच्या गणवेशाचा, करडा दक्षिणेच्या. दक्षिणेच्या सैनिकाला हे पदक मिळायचं नव्हतंच, त्याच्या गणवेशाचा रंग तेवढा छातीवर आला. पण आपला मुद्दा कडेचा. लष्कराच्या या पदकांच्या कडेवर नाव नाही, क्रमांक आहे. कुठला क्रमांक कुणाला दिला याच्या याद्या लष्कराने ठेवल्या होत्या, आणि त्यांतल्या ज्या हाती लागल्या त्यांवर संग्राहकांच्या पिढ्या जगल्या. क्रमांक जुळला तर पदकाला माणूस मिळतो. नाही जुळला तर ते नुसतं वजन.

पहिल्या महायुद्धात क्रमांकही गेला. त्या विजयपदकाचा शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर. १९१३ च्या अमेरिकन निकेल नाण्यावरचा गवा त्याचाच. पदकावर पंख पसरलेली विजयदेवता, मागे दोस्त राष्ट्रांची नावं, आणि कड कोरी. मात्र इथे फीत बोलते. कुठल्या लढाईत होता ते सांगणाऱ्या ब्राँझच्या पट्ट्या फितीवर ओवलेल्या असतात: सेंट मिहिएल, म्यूज-आर्गॉन, किंवा लढाईऐवजी देशाचं नाव, फ्रान्स, इटली, सायबेरिया. 'रशिया' ही पट्टी उत्तरेकडे अर्खांगेल्स्कच्या बर्फात गेलेल्या थोड्या सैनिकांची, त्यामुळे तिला भाव आहे आणि म्हणूनच तिच्या नकलाही आहेत. पट्ट्या काढता-घालता येतात. साध्या पदकावर दोन दुर्मिळ पट्ट्या चढवून विकणारे पूर्वीही होते, आजही आहेत. जाणता माणूस पट्ट्यांची जोडणी पाहतो आणि विचारतो: अशा चार लढाया एकाच डिव्हिजनने लढल्या होत्या का?

कधी याच फितीवर बोटाच्या नखाहून लहान असा चांदीचा तारा दिसतो. अहवालात शौर्याचा उल्लेख झाला, एवढाच त्याचा अर्थ. १९३२ मध्ये या ताऱ्याचं स्वतंत्र पदक झालं, तेच आजचं सिल्व्हर स्टार. काहींनी अर्ज करून नवं पदक घेतलं, काहींनी जुना तारा तसाच ठेवला. मला स्वतःला तो जुना, इवलासा ताराच जास्त खरा वाटतो.

फितीवरून आठवलं. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत आणि पुन्हा तसंच उलट, असं जोड-इंद्रधनुष्य असलेली ही फीत अमेरिकेची एकटीची नाही. विजयपदकाला सगळ्या दोस्त राष्ट्रांनी एकच फीत लावायची असं ठरलं होतं. म्हणजे मेसोपोटेमियात, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडलेल्या १०३, ११० आणि ११७ मराठा पलटणींतल्या शिपायांच्या वाट्यालाही हेच इंद्रधनुष्य आलं. फरक कडेचा. ब्रिटिशांनी त्यांच्या पदकांवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकून घेतली. साताऱ्याच्या गावातल्या शिपायाचं नाव, स्पेलिंगची कशीही मोडतोड झालेलं का असेना, कडेवर आहे. ओहायोच्या शेतकऱ्याचं नाही. गोऱ्या साम्राज्याने काळ्या शिपायाला दिलेल्या थोड्या न्याय्य गोष्टींत ही एक मोजावी लागेल.

अमेरिकेत नाव परत आलं ते जांभळं हृदय ('पर्पल हार्ट') या पदकावर, आणि फार महाग होऊन. जॉर्ज वॉशिंग्टनने ७ ऑगस्ट १७८२ रोजी कापडाचं जांभळं हृदय हा गुणवत्तेचा बिल्ला सुरू केला. तो मिळालेले नक्की माहीत असलेले सैनिक फक्त तीन. दीडशे वर्षं तो विस्मरणात पडला होता. २२ फेब्रुवारी १९३२ ला, वॉशिंग्टनच्या जन्मद्विशताब्दीच्या दिवशी, तेव्हाचे लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी त्याचं पुनरुज्जीवन केलं आणि पुढे तो जखमींचा व मृतांचा सन्मान झाला. १९४५ मध्ये जपानच्या भूमीवर उतरायची तयारी चालू असताना जखमींचा अंदाज बांधून ही हृदयं लाखांनी करवून घेतली. अणुबाँब पडले, चढाई झाली नाही. उरलेला साठा ५ लाखांच्या घरात होता, तो कोरिया आणि व्हिएतनाम उलटून गेल्यावरही पुरत राहिला.

दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या सैनिकाचं हृदय घरी पाठवताना पदकाच्या पाठीवर नाव कोरलं जाई. जिवंत राहिलेल्याला बहुधा कोरंच मिळे. याचा बाजारातला परिणाम सरळ आहे: नाव कोरलेलं, लढाईत मेलेल्याचं हृदय कोऱ्यापेक्षा कितीतरी महाग. त्यातही तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पडला असेल तर आणखी. व्हर्मांटमध्ये २०१२ साली सुरू झालेली एक संस्था हरवलेली, विकली गेलेली हृदयं शोधून कुटुंबांना परत देते. संग्राहकांचं म्हणणं असं, की ती कुटुंबांनीच टाकली होती, आम्ही वाचवली, कागद जोडून त्या पोराची हकीकत उभी केली. दोघांचंही खरं आहे. तरी मेलेल्याचा दर जिवंतापेक्षा जास्त, हे वाचताना मला अजून ओशाळल्यासारखं होतं.

कागद जोडणं म्हणावं तर त्यावरही घाला पडला. १२ जुलै १९७३ ला सेंट लुइसच्या लष्करी दप्तरखान्याला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फाइली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात सेवा संपलेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती. आरमाराच्या फाइली वाचल्या. म्हणून आजही संग्राहक खलाशाचं पदक बिनधास्त घेतो आणि पायदळाचं घेताना सोबत काय आहे ते विचारतो: पत्रं, सेवामुक्तीचा दाखला, गावच्या वर्तमानपत्राचं कात्रण. पदकापेक्षा त्या कात्रणाची किंमत जास्त असू शकते.

नकलांबद्दल थोडंच सांगतो. संग्राहकाच्या खिशात अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी असते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बऱ्याच धाग्यांत पांढरेपणा आणणारी रसायनं असतात, ती या उजेडात निळसर चमकतात; जुनी फीत निस्तेज राहते. पण घरातल्या कुणी हौसेने अस्सल फीत डिटर्जंटमध्ये धुतली असेल, तर तीही चमकते. दुसऱ्या महायुद्धाच्या मोहिमांची पदकं तर युद्ध चालू असताना नव्हतीच. तेव्हा फक्त फितीचे तुकडे मिळत, धातूची पदकं आली १९४७ च्या सुमारास. आसामातून लेडो रस्ता काढणाऱ्या अमेरिकन सैनिकांचं आशिया-पॅसिफिक पदकही त्यातलंच. तोवर माणसं घरी जाऊन कामाला लागली होती. कित्येकांनी ती मागितलीच नाहीत.

सर्वोच्च 'मेडल ऑफ ऑनर' या बाजारात नाही. त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि तो नियम मला पटतो. पण तेही एकेकाळी सढळ हाताने दिलं गेलं. यादवी युद्धात २७ व्या मेन रेजिमेंटच्या ८६४ जणांना ते वाटलं गेलं. राजधानीच्या रक्षणासाठी चार दिवस जास्त थांबले होते त्यांतले फक्त ३०० च्या आसपास. १९१७ मध्ये ही नावं यादीतून खोडली. एकूण ९११ खोडली गेली, त्यांत डॉक्टर मेरी वॉकरही होत्या. त्यांचं नाव १९७७ मध्ये परत लावलं.

आता आपल्या घरांकडे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीतल्या पेट्यांतून पहिल्या महायुद्धाची पदकं अजून निघतात. त्यातलं चांदीचं बऱ्याचदा सोनाराच्या मुशीत गेलेलं असतं, ब्राँझचं मागे राहतं. इंद्रधनुष्यी फीत विरलेली असेल, काळजी नको. पदकाला चिंच किंवा ब्रासो लावू नका. भिंग घ्या, खिडकीपाशी जा आणि कड वाचा. इंग्रजी अक्षरांत जे नंबर-नाव लागेल ते वहीत जसंच्या तसं उतरवा, चुकीच्या स्पेलिंगसकट, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हा आपला कोण.