वारा, गारा आणि एक भोपळा

महाकाय भोपळा पिकवणारा माणूस रोप लावण्याआधी वारा कुठून येतो ते बघतो. बी रुजून दोन जाड दळं उघडली, की त्यांच्या मधून पहिलं खरं पान निघतं. ते पान ज्या बाजूला असतं, साधारण त्याच्या उलट बाजूला पुढे मुख्य वेल धावतो. म्हणून पान वाऱ्याच्या दिशेला करून रोप लावायचं, म्हणजे वेल वाऱ्याकडे पाठ करून वाढतो आणि शेंड्याखाली वारा शिरून तो उलथत नाही. खत, पाणी, औषधं यांचा विचार त्यानंतर.

हा उद्योग मुख्यतः उत्तर अमेरिका आणि युरोपातला. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात विंडसर गावी हॉवर्ड डिल नावाचे एक गवळी-शेतकरी होते. त्यांनी वर्षानुवर्षं निवड करून ‘अटलांटिक जायंट’ हे वाण तयार केलं आणि 1979 ते 1982 अशी सलग चार वर्षं जागतिक स्पर्धा जिंकली. त्यांचा 1981चा विक्रमी भोपळा 224 किलोंचा होता. आज स्पर्धेत उतरणारे जवळजवळ सगळे भोपळे त्याच वाणाचे वंशज आहेत. 2012 साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या रॉन वॉलेस यांच्या भोपळ्यानं 911 किलो गाठले. 2023 साली मिनेसोटातल्या अनोकाचे ट्रॅव्हिस गिएंगर 1,247 किलोंचा भोपळा ट्रेलरवर घालून कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे घेऊन गेले आणि विक्रम मोडून आले. गिएंगर पेशानं बागकामाचे शिक्षक. चाळीस वर्षांत वजन पाचपटीनं वाढलं, याचं श्रेय बियाण्याला दिलं जातं आणि ते रास्तच आहे. पण वेलाला हवेपासून सांभाळण्याचं जे तंत्र या काळात परसापरसांत घडत गेलं, त्याचाही या वजनात मोठा वाटा आहे.

अनोकासारख्या ठिकाणी मे महिन्यातही हिमकण पडू शकतात आणि सप्टेंबर संपता संपता पुन्हा दहिवर गोठायला लागतं. भोपळ्याला मात्र लांबलचक, उबदार हंगाम हवा. मग हंगाम दोन्ही टोकांना ओढून लांबवायचा. एप्रिलमध्ये घरात बी रुजवतात. बाहेर वाफ्यात मातीखाली विजेची तापवणारी तार पुरलेली असते, तिच्यावर रोप लावतात आणि वर वाकवलेल्या पाइपांचं, प्लास्टिकनं मढवलेलं बुटकं घर उभं करतात. दुपारी ऊन चढलं की त्याची दारं उघडायची, संध्याकाळी लावायची. एखाद्या दिवशी हे राहून गेलं तर थंडीतून वाचलेलं रोप उन्हानं आत उकडून मरतं.

जूनमध्ये वेल घराबाहेर पडतो आणि खरी धास्ती सुरू होते. ऐन भरात तो दिवसाला फूटभर पुढे जातो. पानं सुपाएवढी, देठ लांब आणि पोकळ. अशा वेलावर जोराचा वारा आला तर पानं शिडासारखं काम करतात आणि अख्खा वेल उचलून पालथा होतो. काही जण भोवती भक्कम फळ्यांची भिंत उभारतात, पण ते फसवं आहे. सलग भिंतीवरून उडी मारलेला वारा पलीकडे भोवरे करत खाली येतो आणि जास्त नासधूस करतो. जाळीदार कुंपण बरं, कारण निम्मा वारा त्यातून पार जातो आणि जाताना त्याचा जोर मरतो. शेंड्याजवळ बांबूच्या दोन काड्या फुलीसारख्या तिरप्या रोवून वेल जमिनीशी दाबून धरतात. वेल पुढे सरकला की काड्याही पुढे.

या काड्या तात्पुरत्या. कायमची तजवीज वेल स्वतःच करतो, त्याला फक्त माती द्यावी लागते. भोपळ्याच्या प्रत्येक पेराशी एक पान फुटतं, एक ताणा निघतो आणि तिथे ओली माती मिळाली तर मुळंही सुटतात. म्हणून महाकाय भोपळेवाले संध्याकाळ झाली की गुडघ्यांवर बसून नव्यानं वाढलेल्या पेरांवर माती ओढतात. मुख्य वेल गाडायचा, त्याच्या दोन्ही अंगांना सरळ सोडलेले फाटेही गाडायचे. एका वेलाला सत्तर ते शंभर चौरस मीटर जागा लागते आणि ती सगळी अशी पेरापेरानं शिवून काढायची. काम कंटाळवाणं, कंबर मोडणारं. त्याचा फोटो कुणी काढत नाही. पण वादळानंतर कोणाचा वेल जागेवर आहे आणि कोणाचा कुंपणाला जाऊन चिकटलाय, हे बहुतेक वेळा याच कामावर ठरतं. शिवाय प्रत्येक पेराचं मूळ फळाला पाणी पुरवतं. संरक्षण आणि पोषण दोन्ही एका ओंजळभर मातीत होतं.

गारांपुढे मात्र माती काही करत नाही. महाराष्ट्रात 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेली गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना पाच-दहा मिनिटांत उभ्या पिकाचं काय होतं ते सांगायला नको. नाशिककडचे काही द्राक्ष बागायतदार बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घालतात, तसं शंभर चौरस मीटरच्या वेलावर घालणं हौशी माणसाला क्वचितच परवडतं. मग तो एकच गोष्ट वाचवतो: फळ. मोबाइलवर रडारचं चित्र लाल व्हायला लागलं की गोधड्या, फोमच्या गाद्या, जुनी ब्लँकेटं, हाताला लागेल ते भोपळ्यावर पडतं. गारा थांबल्यावर फाटलेली पानं लगेच उपटायची नसतात. अर्धं पानही उन्हात अन्न तयार करतच असतं. मोडलेल्या देठांकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं, कारण पोकळ देठात पाणी साचलं तर कूज उतरत उतरत वेलापर्यंत पोचते. खोडाचा बुंधा कोरडा राहावा म्हणून पावसाळी दिवसांत त्याच्याजवळ टेबलफॅन लावून ठेवणारेही आहेत. ऐकायला गंमत वाटते, पण बुंधा कुजला तर बाकीचं सगळं व्यर्थ.

फळ भरायला लागलं की त्याचं रोज वीस-पंचवीस किलो वजन वाढू शकतं. एवढ्या वेगात सालीला सवड मिळत नाही. उन्हानं ती आधीच कडक झाली असेल तर आतला गर फुगताना ती फाटते. म्हणून भोपळ्यावर पांढरी चादर किंवा सावलीचं कापड, रात्री गारठा असेल तर ब्लँकेट. कोरड पडल्यावर अचानक धो धो पाऊस झाला तरी हाच धोका, त्यावर उपाय म्हणजे जमीन आधीपासून एकसारखी ओली ठेवणं. स्पर्धेचा नियम कडक आहे: आतल्या पोकळीपर्यंत गेलेली चीर किंवा भोक दिसलं की भोपळा बाद, मग तो कितीही जड असो. सप्टेंबरातली एक चीर सगळा उन्हाळा वाया घालवते.

डिल यांच्या नोव्हा स्कोशियात तर ऐन तोडणीच्या तोंडावर चक्रीवादळं येतात. 2003च्या सप्टेंबरअखेर ‘जुआन’, 2019च्या सप्टेंबरात ‘डोरियन’, 2022च्या 24 सप्टेंबरला ‘फियोना’. याच प्रांतातल्या विंडसरकरांनी 1999 साली भोपळे कोरून त्यांत बसून तलावावर शर्यत लावायची प्रथा सुरू केली. भोपळ्यात बसून लेकीकडून घरी परतणारी म्हातारी आपल्या गोष्टीतच राहिली. तिकडची माणसं खरोखरच त्यात बसून वल्ही मारतात.

2025च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या लिमिंग्टन इथल्या इयन आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांनी 1,278 किलोंहून जास्त वजनाचा भोपळा काट्यावर ठेवून गिएंगर यांचा विक्रम मोडला. त्यांचा वेल उघड्यावर नव्हता, छताखाली होता. त्यामुळे निव्वळ वजनाच्या हिशेबात छत जिंकलं, हे मान्य करावं लागेल. पण छताचा खर्च न करता वाऱ्यापावसात तग धरायचा असेल, तर पेरांवर माती ओढण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

आपल्याकडच्या परसातला लाल भोपळा बहुतेक वेळा वेगळ्या जातीचा असतो, उष्ण-दमट हवा जास्त सोसणारा. पण पेराला मुळं सोडायची खोड त्यालाही आहे. वेल जमिनीवर पसरलेला असेल तर पावसाचं वारं सुटायच्या आत दर दोन-तीन पेरांवर माती ओढा, फळाखाली पेंढा घाला आणि पानं ओली असताना वेलाला हात लावू नका, एका पानावरचा रोग दुसऱ्यावर जातो. मांडवावर चढवला असेल तर वेल सुतळीनं नको, कापडाच्या पट्टीनं सैल बांधा आणि फळ भरायला लागलं की त्याला जुन्या साडीची झोळी करून मांडवाच्या वाशाला टांगा.