पहिला सराऊंड साउंड: 20,000 रुपये आणि 10 बाय 14 चा हॉल

आजचा भाग एका मेसेजमुळे करतोय. मुलुंडच्या एका श्रोत्याने विचारलंय: "दादा, 20,000 साठवलेत. घरी 5.1 लावायचंय. आईला हल्ली सिनेमातले डायलॉग नीट कळत नाहीत, म्हणून ती आवाज वाढवते. मग मारामारी सुरू झाली की बाबा आतल्या खोलीतून ओरडतात. कुठला सेट घेऊ?"

मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण मॉडेल सतत बदलत राहतात. पण या घराला नेमकं काय हवंय ते मेसेजमध्येच आहे. आईला संवाद ऐकू यायला हवेत आणि बाबांची झोप मोडायला नको. स्पीकर किती, वॉट किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी 5.1 म्हणजे काय ते बघू. समोर डावा, उजवा आणि मधला म्हणजे सेंटर, असे 3 स्पीकर. बाजूला किंवा जरा मागे 2 सराऊंड. हे झाले 5. आणि तो ".1" म्हणजे सबवूफर, खर्जातल्या आवाजासाठी. अंधेरीतल्या स्टुडिओत सिनेमाचं मिक्सिंग होतं तेव्हा संवाद बहुतेक वेळा सेंटरला दिलेले असतात. पाऊस, गर्दी, मागून जाणारी गाडी हे सराऊंडला. म्हणजे आईच्या अडचणीचं उत्तर सेंटर स्पीकरमध्ये आहे. पातळ टीव्हीचे छोटे स्पीकर बऱ्याचदा खाली किंवा मागे तोंड करून असतात. त्यात आपल्या हॉलच्या सिमेंटच्या भिंती आणि टाइल्स. आवाज आपटून परत येतो आणि शब्द गिचमिड होतात.

आता दुकानात होणारी फसगत. स्वस्त सेटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात "5.1" असतं, पण मागे बघितलं तर जोडायला फक्त ब्लूटूथ, पेनड्राइव्ह आणि ऑक्स. ब्लूटूथवर साधारणपणे स्टिरिओच येतो, म्हणजे डावा आणि उजवा, बस. तेच दोन आवाज हा सेट पाचही स्पीकरमध्ये वाटतो. गाण्यांना मजा येते, पण सिनेमात मागची गाडी मागून जात नाही आणि संवादही वेगळे होत नाहीत. म्हणून खोकं उघडण्याआधी 2 गोष्टी विचारा: एचडीएमआय एआरसी किंवा निदान ऑप्टिकल आहे का? आणि आत डॉल्बी डिजिटलचा डिकोडर आहे का? आपल्या टीव्हीवर एआरसी लिहिलेला पोर्ट आहे का, तेही घरून निघण्याआधी बघून ठेवा. ओटीटीवर सिनेमाच्या नावाखाली 5.1 ची खूण दिसते का, तेही तपासा. ते सिनेमावर, तुमच्या प्लॅनवर आणि टीव्हीवर अवलंबून असतं.

दुसरा चकवा वॉटचा. पीएमपीओ लिहिलेला आकडा विसरून जा, त्याला काही ठरलेलं माप नाही. आरएमएस बघा. आणि तिथेही 100 वॉटचे 200 झाले तर आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम 3 डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 पट वॉट लागतात. छोट्या हॉलसाठी जास्त वॉटचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आता घरात या. माझा घाटकोपरचा हॉल 10 बाय 14 फूट. एका लांब भिंतीला सोफा, समोर टीव्ही, एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला किचनचा पॅसेज. उपनगरातले बरेच हॉल असेच. सोफा भिंतीला टेकलेला, म्हणजे मागे स्पीकर ठेवायला जागाच नाही! घाबरू नका. सराऊंड अगदी पाठीमागे नसले तरी चालतं. आंतरराष्ट्रीय शिफारसही तुमच्या नाकाच्या रेषेपासून 100 ते 120 अंशांवर ठेवायला सांगते, म्हणजे कानाच्या जरा मागे. सोफ्याच्या दोन्ही टोकांना, बसल्यावर कानाच्या थोडं वर, असे ठेवले की काम होतं. भाड्याचं घर, 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट असेल तर ड्रिल मारण्याआधी मालकाला विचारा, नाहीतर डिपॉझिटचा विषय निघतो. स्टँडसुद्धा चालतो. आणि "वायरलेस रिअर" लिहिलं असलं तरी त्या स्पीकरला लाइट लागतेच. सोफ्याजवळ प्लग आहे का, ते आजच बघा.

20,000 च्या आसपास मला 2 रस्ते दिसतात. पहिला, स्वतंत्र सेंटर असलेला साउंडबार आणि सबवूफर, म्हणजे 3.1, किंवा बजेटमध्ये बसलं तर खरे मागचे स्पीकर असलेला 5.1. काही 3.1 बारना मागचे स्पीकर नंतर जोडता येतात, तसा मिळाला तर उत्तम. "ॲटमॉस" या शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका. छताकडे तोंड केलेले स्पीकर नसतील तर वरून येणारा आवाज हा नुसता आभास असतो.

दुसरा रस्ता हौशी लोकांचा. जुना पण एचडीएमआयवाला एव्ही रिसीव्हर घ्यायचा, आधी समोरचे 2 स्पीकर, मग सेंटर, मग बाकीचे. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड यासाठी एकदा तरी पायी फिरावा. जुना रिसीव्हर घेताना प्रत्येक चॅनेल वाजवून बघा, नुसता दिवा लागला म्हणून पैसे देऊ नका.

डेमो घेताना दुकानदार धूमधडाक्याचा सीन लावतो. त्याला सांगा, बेस कमी कर आणि दोन माणसं हळू बोलतायत असा सीन लाव. आवाज कमी ठेवूनही शब्द कळले तर तो सेट आईच्या कामाचा. सराऊंड म्हणजे धडधड नव्हे. 2016 च्या 'सैराट'चा शेवट आठवा, तिथे शांतताच अंगावर येते.

आणि बाबांची झोप? खर्जाचा आवाज भिंत आणि स्लॅब दोन्हींतून जातो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला तर तो आणखी फुगतो, म्हणून कोपऱ्यातून बाहेर काढा, खाली जाड रबर किंवा फोम घाला. रात्री नाइट मोड लावा. त्याने मोठे आवाज दबतात आणि हळू संवाद वर येतात. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबल आहे. पण नियमाच्या आधी खालच्या मजल्यावरच्या काकू आहेत, त्यांचा विचार करा.

तर मुलुंडच्या मित्रा, तुझ्यासाठी माझं उत्तर: सेंटर असलेला, एआरसी असलेला 3.1 घे, सेंटरची पातळी 2-3 पायऱ्या वाढव, सबवूफरची कमी कर. पैसे उरले तर ठेवून दे, मागचे स्पीकर दिवाळीला. आईला पहिल्या सीनमधले शब्द कळले की नाही, ते मला नक्की कळव.

बाकीच्यांनी टेप घेऊन हॉल मोजा, सोफ्याजवळचा प्लग शोधा आणि मगच दुकानात जा. भेटू पुढच्या भागात!