हाताशी असलेले शब्द

परकी भाषा म्हणून फ्रेंच शिकवताना पहिल्या वर्षात कोणते शब्द द्यायचे, हा प्रश्न शिक्षकांनी शतकानुशतके आपापल्या मगदुराप्रमाणे सोडवला. कोणी व्याकरणाच्या सोयीने शब्द निवडले, कोणी अभिजात लेखकांच्या उताऱ्यांतून वेचले, तर कोणी आपल्या गुरूने दिले तेच पुढे दिले. फ्रेंच लोक रोज एकमेकांशी बोलताना काय वापरतात, हे मोजून पाहण्याचे मोठे काम १९५१ साली पॅरिसजवळच्या सँ-क्लू येथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात सुरू झाले. त्यातून 'फ्राँसे फाँदामाँताल', म्हणजे पायाभूत फ्रेंच, ही शब्दसूची तयार झाली. तिच्याइतकी खोलवर वापरली गेलेली आणि तिच्याइतकी शिव्याशाप झेललेली सूची फ्रेंच अध्यापनाच्या इतिहासात दुसरी नाही.

शब्द मोजण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. अमेरिकेत व्हँडर बेक यांनी १९२९ साली ११ लाखांहून अधिक शब्दांच्या मजकुरावरून फ्रेंच शब्दांची वारंवारता काढली होती. पण तो सारा मजकूर छापील होता, त्यामुळे ती भाषाही पुस्तकांची होती. दुसरे उदाहरण इंग्रजीचे होते. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली आणि १९४३ मध्ये खुद्द चर्चिल यांनी हार्वर्डमधील भाषणात तिची तरफदारी केली. या ८५० शब्दांत क्रियापदे जेमतेम १८ होती. बाकीचे सारे त्यांच्याच जोडण्यांतून व्यक्त करायचे, अशी ती रचना होती. युद्धानंतर इंग्रजीचा पसारा वाढताना पाहून फ्रान्सलाही असे काहीतरी हवे होते. साक्षरताप्रसाराच्या निमित्ताने युनेस्कोनेही जगातील प्रमुख भाषांच्या सोप्या प्रवेशमार्गात रस घेतला होता. 'फ्रेंच संघ' या नावाखाली एकत्र ठेवलेल्या वसाहतींतील शाळांचा प्रश्न तर समोरच उभा होता.

हे काम जॉर्ज गुगेनेम यांच्याकडे आले. १९०० साली पॅरिसमध्ये जन्मलेले गुगेनेम व्याकरणाचे अभ्यासक होते. त्यांचा १९२९ सालचा प्रबंध फ्रेंचमधील संयुक्त क्रियापद-रचनांवर होता. 'जाणे'सारख्या साध्या क्रियापदाच्या आधाराने भविष्यकाळ कसा सांगितला जातो, असे प्रश्न त्यांच्या आवडीचे होते. ऑग्डेनची वाट त्यांनी सुरुवातीलाच नाकारली. भाषेची छाटणी करून कृत्रिम बोली बनवायची नाही, तर जिवंत भाषेची पहिली पायरी शोधायची, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्यासोबत तिघे होते. पॉल रिव्हँक हे तरुण संशोधक ध्वनिमुद्रणाचे काम पाहत. रने मिशेआ हे जर्मन भाषेचे अध्यापक होते. तिसरे ओरेलियाँ सोव्हाजो, हंगेरियन आणि फिनिशचे जाणकार. बुडापेस्टमध्ये अनेक वर्षे शिकवून त्यांनी फ्रेंच-हंगेरियन कोश रचला होता. परक्या भाषेत शिरणाऱ्या माणसाची अडचण या गटात आतून ठाऊक होती.

टेपरेकॉर्डर तेव्हा नुकताच वापरात येत होता. २७५ व्यक्तींची १६३ संभाषणे मुद्रित झाली. कामधंदा, घर, प्रवास, आजारपण अशा विषयांवर लोकांनी आपापल्या रीतीने बोलावे, एवढीच अपेक्षा होती. मुद्रित संभाषणे कागदावर उतरवून शब्द हाताने मोजले गेले. एकूण ३,१२,१३५ शब्द भरले आणि त्यांत वेगवेगळे शब्द निघाले ७,९९५. किमान २० वेळा आलेले शब्द फक्त १,०६३ होते.

या तक्त्याने बोलीचा चेहरा पहिल्यांदा आकड्यांत दाखवला. सर्वांत वर 'एत्र' म्हणजे असणे, त्याखाली 'आव्वार' म्हणजे जवळ असणे, आणि मग सर्वनामे, अव्यये, नकार. पाठ्यपुस्तकांनी 'आम्ही'साठी 'नू' हे सर्वनाम पढवले होते, पण लोकांच्या तोंडी त्याच्या कितीतरी वर 'ओं' होते. कथा-कादंबऱ्यांत सर्रास आढळणारा 'पासे सँप्ल' हा भूतकाळ रोजच्या बोलण्यात जवळजवळ नव्हताच. शाळेत वर्षानुवर्षे घोकून घेतलेली रूपे रस्त्यावर कोणी वापरत नाही, हे आता पुराव्यानिशी सांगता येत होते.

त्याच तक्त्यात एक भगदाडही होते. क्रियापदे, विशेषणे आणि व्याकरणाचे शब्द कोणत्याही विषयावरच्या बोलण्यात साधारण त्याच प्रमाणात येत. वस्तूंची नावे मात्र विषयागणिक बदलत. शेतीवर बोलणे निघाले की नांगर येई, नाहीतर येतच नसे. 'फुर्शेत', म्हणजे जेवणाचा काटा, हा शब्द फ्रेंच मूल शाळेत जाण्याआधी शिकते, पण वारंवारतेच्या उतरंडीत त्याला मानाचे स्थान मिळू शकत नव्हते. केवळ आकड्यांवर विसंबून पाठ्यपुस्तक केले असते, तर विद्यार्थ्याला 'म्हणजे' आणि 'बहुतेक' म्हणता आले असते, पण जेवायला बसल्यावर काटा मागता आला नसता.

मराठी घराचे उदाहरण घेतले तर ही अडचण चटकन ध्यानात येते. आठवडाभराचे बोलणे मुद्रित केले, तर 'असणे', 'करणे', 'मग', 'नाही' शेकड्यांनी सापडतील. सांडशी किंवा किसणी कदाचित एकदाही येणार नाही, कारण ती वस्तू समोर असताना 'ते दे इकडे' एवढे पुरते. तरी घरातल्या कोणालाही सांडशी म्हणजे काय हे विचारावे लागत नाही.

हा गुंता मिशेआ यांनी सोडवला. त्यांचे नाव आज फ्रेंच शिकवणाऱ्यांतही फारसे कोणाला ठाऊक नाही, पण या साऱ्या उद्योगातला सर्वांत मौलिक विचार त्यांचाच आहे. १९५३ साली त्यांनी मांडले की शब्दांचे दोन वर्ग मानावे लागतात. काही शब्द वारंवार येतात. काही क्वचित येतात, पण गरज पडताच जिभेवर हजर होतात. दुसऱ्या वर्गाला त्यांनी 'मो दिस्पोनीब्ल' म्हटले. मराठीत त्यांना हाताशी असलेले शब्द म्हणता येईल. हे शब्द बोलणे ऐकून मोजता येत नाहीत. त्यासाठी माणसाच्या स्मृतीला विषय द्यावा लागतो आणि ती काय पुढे करते ते पाहावे लागते.

म्हणून दुसरी पाहणी झाली, ती शाळेतल्या मुलांची. त्यांच्यापुढे १६ विषय ठेवले गेले: शरीराचे अवयव, कपडे, घर, घरातले सामान, खाणेपिणे, जेवणाच्या टेबलावरच्या वस्तू, स्वयंपाकघर, शाळा, ऊब आणि उजेड, शहर, गाव, वाहने, शेत आणि बागेतली कामे, प्राणी, खेळ, व्यवसाय. प्रत्येक विषयावर सुचतील ते २० शब्द लिहायचे होते. किती मुलांना कोणता शब्द सुचला, यावरून त्याची 'हाताशी असण्या'ची पातळी ठरली. टेबलाच्या यादीत काटा अगदी वरच्या शब्दांत आला. जे शेकडो तासांच्या गप्पांतून हाती लागले नसते, ते मुलांच्या वहीच्या एका पानाने दिले.

अंतिम निवडीत वारंवारता, शब्द किती वेगवेगळ्या व्यक्तींच्या बोलण्यात आला याचा हिशेब आणि ही नवी कसोटी, अशा तिन्हींचा मेळ घातला गेला. फार सलगीचे किंवा क्षणिक वाटलेले शब्द समितीने स्वतःच्या विवेकाने गाळले आणि काही घातले. म्हणजे सूची निव्वळ यांत्रिक नव्हती, आणि तिच्या कर्त्यांनी तसा दावाही केला नाही. १९५४ साली 'फ्राँसे एलेमाँतेर', म्हणजे प्राथमिक फ्रेंच, या नावाने ती पुस्तिकेच्या रूपात निघाली. पुढे पहिल्या टप्प्यातील शब्दसंख्या १,४७५ अशी स्थिरावली. सोबत व्याकरणाची निवडही होती आणि 'पासे सँप्ल' तीत नव्हता.

यावरून वादळ उठले. भाषेच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्यांना हा फ्रेंचचा अपमान वाटला. पण त्यांच्यापेक्षा वजनदार विरोध डावीकडून आला. मार्सेल कोएन हे सेमिटिक आणि इथिओपियातील भाषांचे मोठे अभ्यासक होते आणि निष्ठावंत कम्युनिस्टही. १९५५ साली त्यांच्या पुढाकाराने निघालेल्या पुस्तिकेचे नावच 'प्राथमिक फ्रेंच? नाही' असे होते. कोएन आणि सोव्हाजो हे दोघेही आंत्वान मेये या थोर भाषाशास्त्रज्ञाचे शिष्य. एकाच गुरुकुलात घडलेली माणसे इथे समोरासमोर उभी राहिली.

कोएन यांचा आक्षेप थोडक्यात असा होता: वसाहतीतल्या माणसाला हुकूम समजण्यापुरती आणि कामावर राबण्यापुरती भाषा द्यायची, आणि विचारांची, साहित्याची, राजकारणाची फ्रेंच मालकांसाठी राखून ठेवायची, हा या योजनेचा अर्थ आहे. गुगेनेम यांच्या बाजूचे उत्तर होते की ही मर्यादा नसून सुरुवात आहे, आणि जो पहिली पायरी नीट चढतो तोच पुढच्या पायऱ्या चढतो.

दोन्ही बाजू तपासल्या तर सूचीवरचा आरोप टिकत नाही, पण सूचीच्या वापराबद्दलची भीती खरी ठरते. १,४७५ शब्दांत कोणी कोंडला जात नाही. एवढेच पुरे, असे वरून ठरवले गेले तर मात्र कोंडला जातो, आणि वसाहतीच्या शिक्षणव्यवस्थेत ते ठरवण्याचा अधिकार शिकणाऱ्याकडे नव्हता. टीकेचा परिणाम नावावर झालेला दिसतो. १९५९ पासून 'प्राथमिक' जाऊन 'पायाभूत' हा शब्द आला. त्याआधी १९५८ मध्येच गुगेनेम यांनी तीन हजारांहून अधिक शब्दांचा पायाभूत कोश प्रसिद्ध केला होता आणि पायावर इमारत उभी राहू शकते हे दाखवले होते.

एका खऱ्या उणिवेकडे मात्र या भांडणात पुरेसे लक्ष गेले नाही. हाताशी असलेले शब्द ज्या मुलांनी पुरवले ती फ्रान्समधली होती. 'ऊब आणि उजेड' हा विषय थंडीच्या देशात शेगडी, कोळसा आणि चिमणी पुढे आणतो. डाकारच्या मुलाच्या हाताशी दुसरेच शब्द असणार. मिशेआ यांची कसोटी काटेकोरपणे लावायची तर ती प्रत्येक प्रदेशात नव्याने लावायला हवी होती. १९७१ साली कॅनडातील विल्यम मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधील आणि कॅनडाच्या फ्रेंचभाषक अकाडिया प्रदेशातील मुलांच्या शब्दांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा एकच भाषा बोलणाऱ्या मुलांच्या हाताशीही वेगवेगळे शब्द असतात, याचा विस्तृत दाखला मिळाला.

वर्गात ही सूची आवाज आणि चित्र यांच्या वाटेने पोचली. झाग्रेबचे भाषाशास्त्रज्ञ पेतार गुबेरिना आणि सँ-क्लूचा गट यांनी मिळून 'व्वा ए इमाज द फ्राँस' हा अभ्यासक्रम तयार केला. पडद्यावर स्थिरचित्र, टेपवर संवाद, आधी कान आणि मग डोळे, अशी त्याची रीत होती. १९६०च्या दशकात ही पद्धत अनेक देशांत पसरली. १९७०च्या दशकात तिची सद्दी संपली. १९७६ मध्ये युरोप परिषदेच्या छायेखाली 'निव्हो-सोय', म्हणजे उंबरठ्याची पातळी, हा दस्तऐवज आला. विद्यार्थ्याला किती शब्द येतात यापेक्षा त्याला भाषेत काय करता येते, विनंती, नकार, तक्रार करता येते का, हा प्रश्न पुढे आला. २००१ सालच्या युरोपीय भाषा-चौकटीतील ए-१ ते सी-२ या सहा पातळ्या त्याच विचारातून आल्या. पुण्यामुंबईत डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेला बसणारे विद्यार्थी आज याच पातळ्यांवर मोजले जातात. या सूचीच्या कामातून उभे राहिलेले सँ-क्लूचे संशोधन केंद्र १९९६ मध्ये बंद झाले.

मिशेआ यांची कल्पना मात्र टिकली, आणि ती सर्वाधिक फळली स्पॅनिशमध्ये. भाषाशास्त्रज्ञ ऊंबेर्तो लोपेस मोरालेस यांच्या प्रेरणेने स्पेन आणि लॅटिन अमेरिकेत हाताशी असलेल्या शब्दांच्या पाहण्या झाल्या. त्या फ्रेंचांच्या १६ विषयांवरच उभ्या आहेत, आणि प्रत्येक प्रदेश आपल्या मुलांना स्वतंत्रपणे विचारतो. कोएन यांच्या आक्षेपात जे न्याय्य होते, त्याचे शास्त्रीय उत्तर हेच आहे.

फ्रेंचच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात आजही 'जेवणाच्या टेबलावर' असा एक धडा असतो. काटा, सुरी, पेला, ताटली ही नावे चित्रासह एका पानावर मांडलेली असतात. रोजच्या बोलण्यात ती क्वचित येतात. तरी ती तिथे असतात, कारण परक्या भाषेत शिरणाऱ्याला नेहमी लागणारा शब्द हवा असतो, तसाच ऐन वेळी आठवणारा शब्दही हवा असतो.