वापरलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचे मूल्य

वापरलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचे मूल्य म्हणजे पुनर्विक्रीच्या वेळी त्याला मिळणारी किंमत. ती कॅमेऱ्याच्या झिजेप्रमाणेच नव्या मॉडेलच्या आगमनावरही अवलंबून असते.

कॅनन कंपनीने ईओएस ५डी मार्क २ (२१.१ मेगापिक्सेल) २००८ मध्ये, मार्क ३ (२२.३ मेगापिक्सेल) २०१२ मध्ये आणि मार्क ४ (३०.४ मेगापिक्सेल) २०१६ मध्ये आणला. नवे मॉडेल आल्याने जुन्या कॅमेऱ्याच्या छायाचित्रांचा दर्जा घटत नाही. मात्र अनेक जण एकाच वेळी जुना कॅमेरा विक्रीस काढतात, पुरवठा वाढतो आणि किंमत उतरते. लेन्स अनेक बॉडींना बसत असल्याने तिचे मूल्य तुलनेने टिकते. २०१८ मध्ये कॅननने आरएफ व निकॉनने झेड ही नवी लेन्स-जोडणी आणली. त्यानंतर जुन्या लेन्स नव्या बॉडीवर वापरण्यासाठी अडॅप्टर आवश्यक ठरला.

सातारा व सांगली जिल्ह्यांत लग्नसमारंभांचे छायाचित्रण करणाऱ्या व्यावसायिकासाठी कॅमेरा हे भांडवल असते. जुन्याच्या विक्रीतून आलेली रक्कम नव्याच्या खरेदीस हातभार लावते. त्यामुळे विक्रीस उशीर झाल्यास तोटा होतो. महाबळेश्वर परिसरातील दमट हवेत लेन्सवर बुरशी येण्याचा धोका असतो, तर २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराचे पाणी सांगली शहरात शिरले होते. म्हणून खरेदीदाराने बुरशी, ओलाव्याच्या खुणा, शटर काउंट आणि मूळ बिल तपासणे आवश्यक ठरते. कॅमेरा विकायचाच नसेल, तर किंमत घसरल्याने त्याच्या उपयुक्ततेत फरक पडत नाही. नवोदितास मात्र त्याच घसरणीमुळे व्यावसायिक दर्जाचा कॅमेरा परवडू शकतो.